लंगोटाला माप लागत नाही

लंगोटाला माप लागत नाही, गाठ लागते.
सासऱ्यांनी शिकवलं ते एवढंच.
बावीस वर्षं गंगावेशीच्या मागं, याच मशीनवर
तालमीतल्या पोरांचे लंगोट शिवते मी.
पोरं येतात, पैसे ठेवतात, खाली बघत
कागदात गुंडाळलेलं उचलून जातात.
मैदान मारून आली की मात्र
पेढे देतात मान वर करून.

मार्चात एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र,
मोबाईलमध्ये चित्र. 'रानवीर', बारा खेळाडू.
उजळाईवाडीच्या पुढं बंद सूतगिरणीच्या आवारात
नर्सरीतल्या कुंड्या पुरून
जंगल उभं करायचं काम चालू होतं.
बारा पोशाख, प्रत्येकावर सहासष्ट कवड्या.
"आदिवासी वाटलं पाहिजे, काकी."
कवड्या महाद्वार रोडवरनं आणल्या,
जोगतिणी माळा घेतात त्याच दुकानातनं.
दुकानदार म्हणाला, नवस हाय का?
म्हटलं, टीव्हीचं हाय.
म्हणाला, मग तेच की.

माप द्यायला एकेक जण आला.
सातगोंडा आला, शिरोळचा, आमच्याच तालमीतला,
त्याचा पहिला लंगोट माझ्याच हातचा. छाती अठ्ठेचाळीस.
"काकी, पिसं नको ओ. वस्ताद बघतील."
भालाफेकवाली पोरगी आरशात बघून हसतच सुटली.
शेवटी धारणीचा हिरालाल कास्देकर.
कंबर अठ्ठावीस. पायाची बोटं अशी फाकलेली
की बूट त्यांना कधी भेटलाच नसावा.
हे खेळ ज्याच्या गावचे, असा बारा जणांत एकटाच.
विचारलं, खांबावर चढताना काय घालता रे तुम्ही?
"शाळेची हाफ पँट."
आणि?
"दादाची होती. ढिली. सुतळी बांधली."
ओठांत टाचण्या होत्या, म्हणून हसले नाही.

त्याच्या कमरेला आतून मी
लंगोटाची पट्टी लावली, दुहेरी शिवण घालून.
मांडीच्या आतल्या कवड्या काढून पाठीवर टाचल्या.
कुणाला सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी तोच आला पोशाख घेऊन.
बाद झालेल्यांच्या कवड्या उसवून परत द्यायच्या,
ठरलंच होतं तसं.
खांब तेल लावलेला, वर गुळाची दहा किलोची ढेप,
आपल्याच गुऱ्हाळातली.
"दोनदा पोचलो, काकी. एकदा उजेड बरोबर नव्हता,
एकदा मधे कुणाची तरी सावली आली.
तिसऱ्यांदा हात सुटला."
गुळाचं काय झालं?
"लायटीवाल्यांनी खाल्ला. मला पण दिला. बरा होता."

रात्रीच्या गाडीला अवकाश होता.
कापायच्या टेबलावर खडूनं घरं आखली,
उसवलेल्या कवड्यांतल्या सहा घेतल्या.
त्याच्याकडं सगळ्या पालथ्या पडल्या की डाव फिरतो,
माझ्या आईकडं फिरायचा नाही.
त्यावर भांडलो. चहा झाला. परत भांडलो.
तो गेल्यावर मोजल्या तर पासष्ट भरल्या.
वहीत लिहिलं, एक फुटली.

पावसाळ्यात ते टीव्हीवर लागलं.
त्याचं तिसरं चढणं तेवढं दाखवलं,
मागं ढोल, आणि पडताना
तीन बाजूंनी तीनदा पाडला त्याला, सावकाश.
मी कमरेकडं बघत होते.
शिवण कुठं उसवली नव्हती.
सातगोंडा खांबाला माणसासारखा भिडला होता,
निम्म्यातनं घसरला, तरी पुढच्या फेरीत गेला.
शेवटी पहिलाही तोच आला.

गल्लीत फटाके वाजले.
दुसऱ्या दिवशी दुकानात आला.
मशीनवर पेढ्यांचा पुडा ठेवला,
खाली बघत.